पॉइंट टू-टू रायफल घ्यायची आहे : ५० मीटर, कागदी लक्ष्य आणि रविवारची सकाळ

शांत_श्वास

नमस्कार मंडळी.

गेलं दीड वर्ष क्लबच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल करतोय. रायफल क्लबची, जॅकेटही क्लबचंच. आता स्वतःची .२२ घ्यायची आहे. कागदपत्रांचं, परवान्याचं सगळं रीतसर झालंय, त्यामुळे त्याबद्दल इथे प्रश्न नाही.

स्पर्धा खेळायचा विचार नाही. शिकार तर नाहीच. रविवारी सकाळी दोन तास रेंजवर जायचं, ५० मीटरवर कागद लावायचा, शांतपणे पन्नासेक गोळ्या झाडायच्या आणि परत यायचं. पुढे कधी जमलं तर १०० मीटरवरची लोखंडी पाटी वाजवून बघायची. एवढंच स्वप्न आहे.

पण वाचायला लागलो आणि डोकं गरगरलं. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर हातानं बोल्ट मागेपुढे ओढायचा) की सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप आत)? काडतूस .२२ लाँग रायफल की .१७ एचएमआर? जाड नळी की बारीक? दुर्बीण की पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची)? दोन महिने नुसती तुलना करतोय आणि अजून एकही रायफल खांद्याला लावलेली नाही. तुम्ही लोक कुठून सुरुवात कराल?

जुना_नेमबाज

आधी काडतूस ठरवून टाका, म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. तुमच्या कामाला .२२ लाँग रायफल. दुसरा विचार नको.

हे काडतूस १८८७ सालचं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला, तरी ५० मीटरच्या नेमबाजीत त्याला पर्याय उभा राहिलेला नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं ते याच काडतुसावर. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (झोपून) जगज्जेती झाली, तीही याच्यावरच. कारण साधं आहे. ४० ग्रेनची म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, धक्का जवळपास नाही, आवाज सोसवेल इतका, आणि मॅच म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा दारूगोळा बनवणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या त्यातच मुरलेले.

.१७ एचएमआर २००२ साली आलं. १७ ग्रेनची चिमुकली गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास वेगानं जाते, १०० मीटरवर रेघ ओढल्यासारखी. वाईट अजिबात नाही. पण आवाज जास्त, दारूगोळा महाग, आणि लाँग रायफलमध्ये साध्या सरावापासून ऑलिंपिकपर्यंत जेवढे प्रकार मिळतात त्याचा अंशही तिथे नाही. .२२ मॅग्नम या तिसऱ्या काडतुसाचंही तेच. आणि एक लक्षात ठेवा : मॅग्नमच्या रायफलमध्ये लाँग रायफलची काडतुसं घालून चालवायची नाहीत. मॅग्नमची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, थोडी रुंद असते. लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) सैल बसतं आणि पुंगळी फुगते, फाटते. एकाच आकड्यानं दोन्हींची नावं सुरू होतात म्हणून नवखे इथे फसतात.

पितळी_पुंगळी

नेमबाज काकांशी सहमत. फक्त अ‍ॅक्शनबद्दल माझं मत मांडतो, कारण इथे लगेच सगळे 'बोल्टच घ्या' म्हणून सुरू होतील.

माझ्याकडे रुगर १०/२२ आहे. १९६४ पासून बनतेय, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, सुटे भाग वाट्टेल तेवढे. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप आत. भावंडांबरोबर रेंजवर गेलो की जी मजा येते ती बोल्टवाल्याला नाही येत. धागाकर्त्यानं आनंदासाठी विचारलंय, पदकासाठी नाही. मग आनंद कशात आहे ते आधी विचारा ना.

कानस

पुंगळी, तुमचा मुद्दा रास्त आहे. माझ्या स्वतःच्या कपाटातही एक सेमी-ऑटो आहे. पण धागाकर्त्याचा आनंद कशात आहे ते त्यानं लिहिलंय : 'शांतपणे पन्नासेक गोळ्या'. म्हणून बोल्ट. आणि कारण आवडीनिवडीचं नाही, यंत्राचं आहे. जरा सविस्तर लिहितो.

.२२ मध्ये पुंगळीच्या बुडाला मधोमध टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत, त्या पोकळ रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या ओठावर चिरडते आणि मसाला पेटतो. म्हणूनच नाव रिमफायर. यातून तीन गोष्टी आपोआप येतात. एक, पुंगळी एकदा चिरडली की संपली, घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणजे अचूकतेसाठी तुम्ही पूर्णपणे कारखान्यावर अवलंबून. दुसरं, मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नसेल तर क्वचित काडतूस पेटत नाही. तिसरं, काडतूस न घालता चाप ओढला तर बऱ्याच रायफलींत पिन सरळ चेंबरच्या ओठावर आदळते आणि तिथे खळगा पडतो. नव्या अनेक रायफलींत पिनला अडसर दिलेला असतो, तिथे चालतं. पण तुमच्या रायफलीचं पुस्तक काय म्हणतं ते वाचल्याशिवाय कोरडा सराव करू नका. एअर रायफलवाल्यांना ती सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता सेमी-ऑटो. .२२ च्या सेमी-ऑटोमध्ये बोल्टला कुलूप नसतं. तो फक्त स्वतःच्या वजनानं आणि स्प्रिंगनं दाबून धरलेला असतो, आणि गोळीच्या मागच्या दाबानंच मागे ढकलला जातो. म्हणजे दारूगोळ्यात ठरावीक जोर लागतोच. सर्वांत अचूक असणारी मंद गतीची काडतुसं कित्येकदा बोल्ट पुरता मागे ढकलत नाहीत आणि पुंगळी दारात अडकते. घाणेरड्या अवस्थेतही चालावी म्हणून चेंबर जरा ढिलं ठेवतात, त्यात गोळी दर वेळी अगदी मधोमध बसेलच असं नाही. बोल्ट अ‍ॅक्शनला यातलं काही सांभाळायचं नसतं. काडतूस मंद घाला की वेगवान, तुमचा हात ते ढकलतो, बोल्ट कुलूपबंद होतो. म्हणून तेवढ्याच पैशात बोल्टवाली रायफल जास्त अचूक मिळते.

शिवाय प्रत्येक गोळीनंतर हात बोल्टवर जातो, रिकामी पुंगळी बाहेर येते, श्वास पुन्हा जागेवर येतो. शिकणाऱ्याला ती थांबायची जागा फार उपयोगी पडते.

पितळी_पुंगळी

चेंबरचा मुद्दा मान्य. माझ्या १०/२२ ला मंद गतीच्या गोळ्या खरंच रुचत नाहीत, दहात दोन अडकतात. तरी दुसरी रायफल म्हणून सेमी-ऑटो डोक्यात असू द्या.

रेवा_५०मी

सगळे यंत्राबद्दल बोलताहेत, अंगाबद्दल कुणीच नाही. माझं ठाम मत : रायफल निवडताना आधी अंग, मग ट्रिगर, मग नळी. नाव सगळ्यात शेवटी.

मी हे चुकून शिकले. पहिली रायफल घेतली ती अक्रोडाच्या लाकडाच्या पाठीवर भाळून. रेषा काय सुंदर होत्या त्या! दस्ता (खांद्याला आणि गालाला टेकतो तो भाग) होता जुन्या पद्धतीचा, गालाची बाजू उतरती, साध्या माशीवरून (नळीच्या टोकावरच्या खुणेवरून) नेम धरण्यासाठी बनवलेला. मी त्यावर दुर्बीण चढवली. दुर्बीण माशीपेक्षा बरीच उंच बसते. त्यामुळे भिंगातून पूर्ण गोल दिसायला मला गाल दस्त्यावरून उचलावा लागायचा, हनुवटी टेकवून बघायचे. प्रत्येक गोळीला डोकं वेगळ्या उंचीवर. कागदावर भोकं एकाखाली एक, उभ्या रांगेत. चार महिने मी श्वासाला दोष दिला, मग गोळ्यांना, मग दुर्बिणीला.

शेवटी रेंजवरच्या एका ताईंनी मला बघितलं आणि काही न बोलता व्यायामाच्या चटईचा तळहाताएवढा तुकडा दुहेरी करून दस्त्याला चिकटपट्टीनं बांधला. गाल टेकला, डोळ्यासमोर भिंग आपोआप भरलं. त्याच दिवशी, त्याच गोळ्यांनी, ती उभी रांग गोळा होऊन एका नाण्याखाली मावली.

म्हणून दुकानात किंवा मित्राच्या रायफलीवर ही परीक्षा करा. रायफल रिकामी आहे ना हे स्वतः बोल्ट उघडून बघा, तोंड सुरक्षित दिशेला. डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल जिथे सहज पडेल तिथे पडू द्या, मान सैल. आता डोळे उघडा. भिंगात पूर्ण गोल दिसला तर उंची बरोबर. अर्धा काळा दिसला किंवा मान वर-खाली करावी लागली, तर ती रायफल तुम्हाला शिवलेल्या कपड्यासारखी बसत नाहीये. लांबीचंही तसंच. चाप बोटाच्या पेरावर यायला हवा, मनगट न मुरडता. एअर रायफलवर तुम्हाला सगळं पाहिजे तसं सरकवायची सवय आहे. ज्या दस्त्याचा गाल वर-खाली होतो आणि मागची बट लांब-आखूड होते तोच घ्या. त्यासाठी बाकी थोडं मागे ठेवावं लागलं तरी ठेवा.

अनया_आई

रेवाताई, याच धाग्यात विचारते. माझी मुलगी तेरा वर्षांची, उजव्या हातानं लिहिते, पण नेम धरताना सारखी डावा डोळा पुढे आणते. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली क्लबची .२२ वापरते, पण दस्ता तिला मोठा पडतो.

रेवा_५०मी

तिचा डावा डोळा बलवान असणार. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये एक छोटी खिडकी करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू त्यात पकडायला सांगा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू खिडकीतच राहते तो बलवान. वय लहान आहे, सवय पक्की झालेली नाही, तेव्हा प्रशिक्षकांना विचारून डाव्या खांद्यावरून करून बघा. नाही जमलं तर डाव्या डोळ्यासमोर मागच्या साइटला जोडलेली पांढरी अर्धपारदर्शक पट्टी. डोळा मिचकावून ठेवायला लावू नका, चेहरा ताणला जातो आणि उघडा डोळाही थकतो.

दस्त्याचं म्हणाल तर लांब दस्ता असला की मुलं पाठ मागे वाकवून तोल सांभाळतात, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आखूड बट मिळाली नाही तर क्लबला सांगून दस्ता तात्पुरता बदलून घ्या.

शांत_श्वास

हे वाचून आत्ताच क्लबच्या रायफलवर डोळे मिटून बघितलं (रिकामी, दोनदा तपासून). पीप साइटमधून पूर्ण गोल दिसला. म्हणजे मी दीड वर्ष नकळत बऱ्या दस्त्यावर शिकलो.

ट्रिगरबद्दल सांगा ना. एअर रायफलचा ट्रिगर इतका हलका आहे की बोट नुसतं लावलं तरी सुटतो.

जुना_नेमबाज

तसाच .२२ वर शोधू नका. हलका ट्रिगर सगळे मागतात, मला स्वच्छ ट्रिगर हवा असतो. दोन टप्प्यांचा असेल तर पहिला टप्पा सरळ, सारख्या ताणानं मागे येतो. मग बोटाला भिंत लागते. तिथे थांबता आलं पाहिजे. आणि भिंतीवर अजून जरासा दाब दिला की सुटला पाहिजे, मध्ये कुठेही सरपटणं नाही, खरखर नाही. वाळलेली तुरीची शेंग बोटात चुटकन फुटते ना, तसा. किलोभर ते दीड किलो दाबाचा असा ट्रिगर हौशी नेमबाजाला पुरेसा आहे. थंडीत बोटं बधिर झालेली असताना, शेजारी नवखा पाहुणा उभा असताना, फार हलका ट्रिगर मला नको वाटतो.

आता नावं. तुमच्या गरजेत बसणाऱ्या आणि माझ्या हाताखालून गेलेल्या : सीझेड ४५७, टिक्का टी१एक्स, सॅवेज मार्क २. तिन्ही बोल्ट. सीझेडचा बोल्ट फक्त ६० अंश उचलावा लागतो, त्यामुळे वर मोठी दुर्बीण असली तरी बोटं घासत नाहीत. नळी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. टिक्काचं दस्त्यात बसण्याचं माप त्यांच्या मोठ्या टी३एक्स रायफलशी जुळतं, म्हणून दस्त्यांचे पर्याय भरपूर. सॅवेजच्या अ‍ॅक्यूट्रिगरच्या मध्ये एक पातळ पातं असतं. ते दाबल्याशिवाय ट्रिगर सुटत नाही, आणि ट्रिगरचं वजन, म्हणजे लागणारा दाब, घरच्या घरी कमी-जास्त करता येतं.

आणि एक चौथा रस्ता, जो मला सर्वांत आवडतो. जुनी मॅच रायफल. अंशुट्झची ५४ अ‍ॅक्शनची, एका वेळी एकच काडतूस घालायची, पीप साइटवाली. चांगली सांभाळलेली असेल तर तुमच्या नातवंडांपर्यंत अचूक राहील. वजन भरपूर, पण तुम्ही झोपून किंवा बाकावरूनच झाडणार असाल तर वजन मित्र आहे.

कानस

जुनी घेणार असाल तर दोन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली, नळीचं तोंड. गोळी नळी सोडते ती शेवटची कड. तिथे टवका असेल तर गोळीमागचा वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळी तिरपी ढकलली जाते. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून आतून बाहेर कडेवरून ओढा, चारी बाजूंनी. कुठे तंतू अडकला तर तिथे धार आहे. बहुतेक वेळा हे पुढच्या तोंडातून सळई घालून साफ करण्यानं होतं. साफसफाई मागून करायची, चेंबरच्या बाजूनं.

दुसरी, चेंबरचा ओठ. मी एकदा ओळखीतून एक देखणी बोल्ट रायफल घेतली. नळी आरशासारखी. पण दर पाचसहा गोळ्यांनी पुंगळी बाहेर यायला कुरकुरायची, आणि आलेल्या प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी बारीकशी रेघ. घरी बोल्ट काढून चेंबरच्या ओठावरून नख फिरवलं. घड्याळात बाराच्या जागी नख अडकलं. पिननं तिथे खळगा पाडला होता आणि त्याची कड आत चेंबरमध्ये आली होती. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं घरी रिकामे चाप ओढले असणार. चांगल्या कारागिराकडे असलेल्या एका खास अवजारानं ते लोखंड परत जागेवर बसवता येतं, माझं बसवून मिळालं. पण नख फिरवायला दोन सेकंदही लागत नाहीत, तेव्हा आधीच फिरवा.

आणि लांब नळीचा हव्यास नको. .२२ ची दारू इतकी थोडी असते की ४०-४५ सेंटिमीटरपर्यंत सगळा वेग मिळून जातो. त्यापुढची लांबी माशीवरून नेम धरणाऱ्याला उपयोगी, कारण दोन साइटमधलं अंतर वाढतं. दुर्बीणवाल्याला नाही.

दुपारचा_वारा

दारूगोळ्यावर लिहायचं राहिलं, आणि माझ्या मते निम्मी रायफल तिथेच आहे.

.२२ घेणारा जवळपास प्रत्येक जण आधी जास्त वेगाच्या गोळ्या घेतो. डब्यावर मोठ्या अक्षरात वेग लिहिलेला असतो, वाटतं वेगवान म्हणजे वाऱ्याला कमी सापडणार. उलटं होतं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. जास्त वेगाची गोळी ३८० च्या आसपास सुटते आणि वाटेतच आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उंबरठ्यावर हवेचा अडथळा एकदम वाढतो. गोळी तिथे जितका वेग गमावते, त्या प्रमाणात वारा तिला बाजूला नेतो. साधी स्टँडर्ड गोळी ३२५ च्या आसपास, म्हणजे पहिल्यापासून उंबरठ्याच्या अलीकडे. तिला तो धक्का बसतच नाही. वाऱ्यात ती कमी सरकते. मॅचचा सगळा दारूगोळा मंद असतो तो याच कारणानं.

तरी वारा वाराच आहे. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळी दोन-अडीच सेंटिमीटर सरकवतो. १०० मीटरवर त्याच्या चौपटीच्या जवळ. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे दोन सेंटिमीटर म्हणजे किती ते बघा. रेंजवर रंगीत फितींच्या काठ्या रोवा आणि एकाच प्रकारच्या वाऱ्यात झाडायची सवय लावा. फीत सैल पडली की सगळे घाई करतात. मी उलट, जो वारा जास्त वेळ टिकतोय तोच धरून बसतो, शांततेची वाट बघत नाही.

आणि १०० मीटरची पाटी. ५० मीटरला शून्य केलेली (नेम धरला तिथेच लागेल अशी जुळवलेली) रायफल १०० वर वीतभर खाली मारते. घाबरू नका, रायफल बिघडलेली नसते.

शांत_श्वास

हे वेगाचं मला अजिबात माहीत नव्हतं. मी दोन डबे जास्त वेगाचेच घ्यायला निघालो होतो. मग कुठल्या गोळ्या?

दुपारचा_वारा

ते तुमची नळी सांगेल, आम्ही नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच नंबरच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी त्यांना वेगवेगळ्या गोळ्या आवडतात.

पाच-सहा प्रकारांचा एकेक डबा घ्या. सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस, एलीचा एखादा मधला प्रकार, आरडब्ल्यूएसचा एखादा, आणि जमल्यास लापुआ सेंटर-एक्स. वारा पडलेला असताना, रायफल पिशव्यांवर ठेवून, ५० मीटरवर. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या धरायच्या नाहीत. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेण किंवा ग्रीस असतं, नळीत आधीच्या प्रकाराचा थर असतो, तो बदलायला तेवढ्या गोळ्या लागतात. हे न पाळल्यानं लोक चांगल्या गोळीला वाईट ठरवतात. मग पाच-पाच गोळ्यांचे पाच गट, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचे पुंजके. तीन गोळ्यांचा गट मनाला फार सुखावतो, पण तो खोटं बोलतो. आणि सर्वांत लहान गट नाही, पाचांची सरासरी बघायची.

जो जिंकेल त्या डब्यावरचा लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) टिपा. त्याच लॉटचे जेवढे मिळतील तेवढे घ्या. पुढचा लॉट वेगळा वागू शकतो.

नळी सारखी घासूनही काढू नका. .२२ ची नळी शिशाच्या आणि मेणाच्या पातळ थरावर स्थिरावते. अचूकता घसरायला लागली की मागून साफ करा. चेंबरचा पुढचा, नळीकडचा भाग मात्र पुसत राहा, तिथे कडक कडं साचतं.

जुना_नेमबाज

दुर्बिणीचं चटकन : भिंगांची ताकद बघण्याआधी ती ५० मीटरला जुळवता येते का ते बघा. मोठ्या रायफलींसाठीच्या दुर्बिणी बहुधा लांबच्या अंतराला जुळवलेल्या असतात, त्यात ५० वर डोकं जरा हललं तरी फुली लक्ष्यावरून सरकते. रायफल पिशवीवर स्थिर ठेवून फक्त डोकं हलवून बघा, फुली जागची हलली तर तीच गोष्ट आहे. पीप साइट घेतलीत तर हा प्रश्न नाही, आणि एअर रायफलमुळे तुमचा डोळा तिला तयारही आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष पीपवरच काढलं असतं.

आता जे न बोलून चालणार नाही ते. .२२ ला लोक खेळणं समजतात, याचा मला मनापासून राग येतो. ही गोळी अडीच किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. पाण्यावरून, दगडावरून उसळते. मागे मातीचा भरीव बांध नसेल तिथे एकही गोळी नाही. लोखंडी पाटी लावाल तेव्हा ती साखळीवर टांगलेली, वरचा भाग तुमच्याकडे झुकलेला हवा, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात. खळगे पडलेली पाटी नको. .२२ चा आवाज कमी वाटतो, पण रायफलीचा ठोका १४० डेसिबलच्या घरात असतो आणि कान परत मिळत नाहीत. कानाला, डोळ्याला संरक्षण, बघणाऱ्यांनाही.

चाप ओढला आणि नुसती 'टक' झाली तर बोल्ट उघडू नका. तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद मनात मोजा. क्वचित मसाला उशिरा पेटतो. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर थांबा. बोल्ट उघडून, काडतूस काढून, नळी आरपार मोकळी आहे याची सळईनं खात्री करा. गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी गेली तर नळी फुगते.

रेंजवरून आल्यावर हात थंड पाण्यानं आणि साबणानं धुवा, मगच काही तोंडात घाला. शिसं गोळीतही आहे आणि धुरातही. घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

अनया_आई

शिशाबद्दल कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मुलीचे रेंजचे कपडे आजपासून वेगळे धुणार. आणि अपडेट : तिनं काल डाव्या खांद्यावरून दहा गोळ्या झाडल्या. प्रशिक्षक म्हणाले मान पहिल्यांदाच सरळ दिसली.

शांत_श्वास

तीन आठवड्यांनी परत आलोय, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

क्लबमधल्या तिघांनी त्यांच्या रायफली वापरू दिल्या. पहिली दिसायला सर्वांत देखणी होती, पण डोळे मिटून उघडले तर अर्धं भिंग काळं. दुसरी बरोबर बसली, पण ट्रिगर भिंतीवर पोचल्यावर जरा सरपटायचा. काकांनी लिहिलं नसतं तर मला ते जाणवलंही नसतं. तिसरी एक जुनी एकगोळी मॅच रायफल, पीप साइट, गाल आणि बट दोन्ही सरकणारी. मालकांना आता गुडघ्यांमुळे झोपून झाडता येत नाही म्हणून ते कुणाला तरी द्यायच्या विचारात होते. कापसाचा बोळा ओढला, कुठे अडकला नाही. नख फिरवलं, गुळगुळीत. त्यांना माझं ते नख फिरवणं फार आवडलं. म्हणाले, आता ही योग्य हातात चालली.

सगळे कायदेशीर सोपस्कार होऊन गेल्या रविवारी ती माझी झाली.

काल पाच प्रकार तपासले. एसके स्टँडर्ड प्लसचे पाच गट, सरासरी १३ मिलिमीटर. त्याहून महागाच्या एका प्रकाराचे १९. सीसीआयच्या चौथ्या गटात एक गोळी बाहेर गेली, पण ती माझी चूक होती, सुटताना बोट घसरलं ते मला कळलं होतं. एसकेच्या डब्याचा लॉट नंबर वहीत लिहिलाय आणि त्याच लॉटचे आणखी डबे सांगून ठेवलेत.

एक प्रश्न उरला. संध्याकाळी ऊन तिरपं आलं की पुढच्या साइटच्या कड्याला एका बाजूनं चमक येते आणि गट त्या बाजूला सरकतो. हे डोळ्याचं आहे की साइटचं?

रेवा_५०मी

प्रकाशाचं आहे. डोळा चमकणाऱ्या कडेला गोलाची कड समजतो आणि केंद्र तिकडे ओढलं जातं. पुढच्या साइटवर सावलीची नळी असेल तर ती पूर्ण पुढे सरकवा. नसेल तर काळ्या जाड कागदाची गुंडाळी करून चढवा, पाचसहा सेंटिमीटर पुढे आलेली. आणि त्याच वेळी, त्याच उन्हात एक गट त्या सावलीच्या नळीशिवाय, एक तिच्यासकट झाडून लक्ष्याचे कागद दोन्ही जपून ठेवा. पुढच्या रविवारी इथे लावा, मला बघायचेत.